चित्रामागे चार मिनिटे

दुकानदाराने तो प्रोसेसर शनिवारी संध्याकाळपर्यंत वापरून पाहायला दिला होता. पटला तर ठेवायचा, नाही पटला तर डबीसकट परत करायचा. इतक्या उंची वस्तूच्या बाबतीत दुकानदार सहसा असा विश्वास टाकत नाहीत. पण गेल्या सहा वर्षांत या घरच्या सुनेने त्याच्याकडून दोन संगणक, त्यांचे तीन पडदे आणि अगणित तारा नेल्या होत्या, आणि त्याच्या मते ती "उगाच हुज्जत न घालणारे गिऱ्हाईक" होती.

सून इमारतींच्या चित्रफिती तयार करीत असे. अजून न बांधलेल्या इमारतीतून माणूस चालत गेला तर त्याला काय दिसेल, हे ती आधीच दाखवी. जिन्यावर कुठून ऊन येईल, काचेत समोरची भिंत कशी उमटेल, लाकडी फरशीचा रंग दुपारी किती निवळेल, हे सारे गणित संगणकाला प्रत्येक चित्रासाठी नव्याने करावे लागते. आणि तीन मिनिटांच्या चित्रफितीत अशी चार हजार तीनशे वीस चित्रे असतात. आजवर मोठ्या कंपन्या तिला कामाचे तुकडे देत. कुणाचा जिना, कुणाचा व्हरांडा. चित्रफितीवर नाव अर्थातच कंपनीचे. या वेळी प्रथमच एका वास्तुविशारद बाईंनी तिला अख्खी इमारत देऊ केली होती: नवे सार्वजनिक ग्रंथालय. ग्रंथालय समितीची बैठक त्या शनिवारपासून चौदा दिवसांनी होती. दुरुस्त्यांसाठी दोन दिवस बाजूला काढले, तर यंत्राला उरत होते बारा. म्हणजे एका चित्राला जास्तीत जास्त चार मिनिटे. तिचे जुने यंत्र अशा चित्राला चौदा मिनिटे घेई. जमणार की नाही, हे शनिवारी पाचच्या आत कळवायचे होते.

"चित्रामागे चार मिनिटे," असे तिने स्वयंपाकघरातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. सासूबाईंनी त्याखाली "दूध, साबण, सुतळी" एवढे लिहिले आणि फळ्याचा मूळ हेतू शाबूत राखला.

मंगळवारी तिने नव्या प्रोसेसरची पहिली चाचणी घेतली. चोवीस गाभ्यांचा, म्हणजे एका वेळी चोवीस हिशोब करणारा, तो तळहाताएवढा चौकोन. त्याच्या डोक्यावर विटेएवढा थंड करणारा पंखा. काम करताना प्रोसेसर तापतो, आणि फारच तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून मंदावतो, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने संगणकाच्या पेटीची बाजूची झडप काढून ठेवली, खिडकी उघडली, टेबलफॅन समोर लावला आणि जुन्या कामातला एक जिना त्याच्यापुढे टाकला. चित्र दोन मिनिटे पन्नास सेकंदांत तयार झाले.

"आई! पन्नास! दोन पन्नास!" ती ओरडली.

"कशाचे पन्नास?" सासूबाई ओले हात पुसत आल्या. "एवढं काय झालं?"

दारात सासरे हात पाठीमागे बांधून उभे होते. वजन-मापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक म्हणून काढल्यावर त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. तरी गल्लीतला किराणावाला त्यांना पाहून अजून तराजूला हात लावून बघे. गल्लीत त्यांना सगळे "साहेब" म्हणत; घरात सून "बाबा" म्हणे, आणि सासूबाईंच्या तोंडी "साहेब" आले की समजावे, काहीतरी बिनसले आहे.

"ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही," ते म्हणाले.

"का बाबा?"

"तपासणीच्या दिवशी दुकानदार तराजू घासूनपुसून ठेवतो. पारडी लख्ख, दांडी सरळ. तू तेच केलंयस. झडप काढलेली, खिडकी उघडी, समोर पंखा. बारा दिवस तू पंखा घेऊन त्याला वारा घालणार आहेस का? आणि जिना जुना. ज्या मालासाठी तराजू घ्यायचा, तोच माल पारड्यात टाकला पाहिजे."

सून हिरमुसली; पण म्हणणे खोटे नव्हते. "मग तुम्हीच घ्या चाचणी," ती म्हणाली. "शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रंथालयाचा वाचनकक्ष तयार होईल. खरा माल."

"घेतो," सासरे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा नेमणुकीचा हुकूम हाती पडल्यासारखा झाला.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "निदान किराणावाला तरी सुटेल."

शनिवारी सकाळी आठला सून ग्रंथालयाच्या नियोजित जागेवर उन्हाची छायाचित्रे घ्यायला गेली. जाण्यापूर्वी तिने वाचनकक्षाचे चित्र यंत्रात भरून दिले, एकामागून एक चित्रे कशी सुरू करायची हे सासऱ्यांना दाखवले, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा कुठे पाहायचा तेही सांगितले. सासऱ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. पेटी तिच्या नेहमीच्या जागी होती, टेबलाखाली.

एक वाजता ती परतली तेव्हा सासरे जेवण्याच्या टेबलाशी अहवाल घेऊन बसले होते. त्यांनी कागद पुढे सरकवला. अक्षर टपोरे होते, रकाने पट्टीने आखलेले. पहिली सहा चित्रे तीन मिनिटांच्या आसपास. त्यानंतर तापमान शेवटच्या मर्यादेला भिडलेले, आणि वेळ वाढत वाढत साडेचार मिनिटांवर स्थिरावलेला. पुढची साठ चित्रे साडेचार मिनिटांची. खाली निष्कर्ष: "प्रस्तुत प्रोसेसर थोड्या वेळासाठी अतिशय वेगवान असून सलग कामास अयोग्य आहे."

तिने मनातल्या मनात हिशोब केला. साडेतेरा दिवस. दुरुस्तीला वेळच नाही. आणि वीज एकदा गेली तर तेवढेही नाही.

"बाबा, यंत्राला काही केलं तर नव्हतं ना?"

"झडप बंद. खिडकी बंद. कुणी हात लावू नये म्हणून सील लावलं."

ती खोलीत डोकावली. टेबलाखालच्या पेटीच्या झडपेवर जाड कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर लाखेचा लाल ठिपका होता. तिला हसू आले, आणि त्या हसण्यातच डोळेही भरून आले. सासऱ्यांच्या आकड्यावर शंका घेण्याचे तिच्या मनातही आले नाही. चौतीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल वरच्या कचेरीतून परत आलेला नव्हता, हे घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक पाहुण्याला सांगितलेले होते.

दीड वाजता तिने वास्तुविशारद बाईंना फोन केला. "मला जमणार नाही," एवढेच वाक्य. पण ते बोलायला तिला पाणी प्यावे लागले.

"वाईट वाटलं," बाई म्हणाल्या. "मग मला दुसऱ्या कंपनीला विचारावं लागेल. पाचपर्यंत कुणाला तरी काम द्यायलाच हवं."

सासरे व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आपण कर्तव्य केले हे त्यांना ठाऊक होते. पण कर्तव्य केल्यावर एरवी जे बरे वाटते, ते या वेळी वाटत नव्हते. दुकानदारांना अयोग्य ठरवताना ते दुकानदार परके असत.

अडीचच्या सुमारास सासूबाई केर काढायला सुनेच्या खोलीत शिरल्या. सून पलंगावर पालथी पडली होती. प्रोसेसरची डबी परत नेण्यासाठी टेबलावर काढून ठेवलेली होती.

"अगं, हा लाल ओघळ कसला?" सासूबाई टेबलाखाली वाकल्या. "पेटीच्या मागून आलाय. फरशीवर पडलाय पार." त्यांनी नखाने खरवडून पाहिले आणि मग आवाज चढवला. "अहो साहेब! इकडे या. तुमचं सील रडतंय!"

सून उठली. दोघींनी मिळून पेटी टेबलाखालून बाहेर ओढली, आणि तिचा माथा प्रथमच दिसला. पेटीच्या माथ्यावर बारीक भोकांची जाळी असते. आतली गरम हवा तिच्यातून बाहेर जाते. त्या जाळीवर इकडून तिकडे खाकी कागदाच्या पाच पट्ट्या काळजीपूर्वक, एकीवर एक किंचित चढवून, चिकटवल्या होत्या. पाठीमागच्या जाळीवर आणखी दोन. प्रत्येक पट्टीवर लाख होती, आणि मागच्या लाखेचे पाणी होऊन ते खाली ओघळले होते.

सासरे दारात आले.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "ही जाळी का बंद केलीत?"

"भोकं होती," सासरे म्हणाले.

त्या दोन शब्दांत त्यांची चौतीस वर्षे होती. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असते. त्यात शिसे भरून वजन बरोबर करतात आणि शिशावर सरकारी छाप मारतात. लबाड व्यापारी तेच शिसे कोरून काढतो. त्यामुळे कुठेही भोक दिसले की ते बुजवून त्यावर छाप मारायची, हे सासऱ्यांच्या हातांना डोक्याला न विचारता करायची सवय होती. जाळीतून कुणी बोट घालील, काहीतरी फिरवील, अशा शंकेने त्यांनी सगळी भोके निष्ठेने बुजवली होती.

"म्हणजे तुम्ही त्याचं नाक दाबलंत," सासूबाई म्हणाल्या, "आणि वर लिहून दिलंत की याला धाप लागते!"

सासरे खुर्चीवर बसले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी तिची संधी घालवली," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. मग सुनेकडे वळले. "फोन कर. आत्ताच्या आत्ता. सांग, जमतंय. पावणेतीन वाजलेत, अजून काम कुणाला दिलं नसेल."

सुनेचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. तिला हे काम किती हवे होते, हे तिच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. पण सकाळचा आकडा चुकीचा ठरला, म्हणून मंगळवारचा आकडा खरा ठरत नव्हता. मंगळवारी खिडकी उघडी होती. पट्ट्या काढल्यावरही यंत्र मंदावले तर? एकदा नाही म्हणून झाले होते. आता हो म्हणून पुन्हा नाही म्हणायची वेळ आली, तर या बाई काय, दुसरे कुणीही तिला अख्खी इमारत देणार नव्हते.

"नाही बाबा," ती म्हणाली. "आधी तासभर चालवू. झडप बंद, खिडकी बंद, खरा माल. तुमचीच पद्धत. फक्त भोकं उघडी."

"तासभरात काम दुसऱ्याला जाईल."

"जाईलही."

सासऱ्यांनी पट्ट्या सोलायला घेतल्या. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने त्यांनी जाळीचे एकेक भोक मोकळे केले. लाखेचे कण सासूबाईंच्या विणकामाच्या सुईने टोकरून काढले.

"माझी सुई," सासूबाई म्हणाल्या.

"नवी आणीन."

तीनला पाच कमी असताना वाचनकक्षाचे चित्र पुन्हा सुरू झाले. तिघेही पडद्यासमोर बसले. पहिले चित्र तीन मिनिटांत आले. दुसरेही. यात नवल नव्हते; सकाळीही सुरुवातीला तसेच झाले होते. सातव्या चित्राला सासऱ्यांनी पेन्सिल घट्ट धरली. तीन मिनिटे एक सेकंद. आठवे, तीन मिनिटे दोन. तापमान चढले, एका आकड्याशी थबकले आणि तिथेच राहिले. ते मर्यादेच्या खाली होते, पण फार खाली नव्हते. पंखा मात्र असा घोंगावू लागला, की बोलायला आवाज चढवावा लागला.

"हे विमान आहे की संगणक?" सासूबाईंनी विचारले. "बारा दिवस हे शेजारच्या खोलीत? आणि उकाडा बघ! शेगडी पेटवल्यासारखी खोली तापलीय."

"हा त्याचा खरा दोष आहे आई. वेग आहे, पण वीज खातो, तापतो, ओरडतो."

"आणि काय गं, आमच्या गाण्याच्या मंडळाची यादी उघडायला त्या जुन्या यंत्राला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच यालाही लागला. मी काल बघितलं."

"तसंच होणार. यादी उघडायला एकच गाभा पुरतो. उरलेले तेवीस नुसते बसून राहतात."

"म्हणजे शेजारी साखर मागायला हत्तीवर बसून जायचं," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, "हत्तीला कमी खायला घालता येत नाही का?"

सुनेने त्यांच्याकडे वळून पाहिले. प्रश्न सरळ होता, आणि त्याचे उत्तर तिला माहीत होते. घाईत ते तिला सुचले नव्हते, एवढेच. कारखान्यातून येताना असा प्रोसेसर हवी तेवढी वीज ओढायला मोकळा सोडलेला असतो, कारण शेवटच्या काही सेकंदांवर त्याची जाहिरात चालते. त्या विजेवर मर्यादा घालता येते. वीस चित्रे झाली होती. चार वाजत आले होते. तिने यंत्र थांबवले, वीजमर्यादा जवळजवळ एकतृतीयांशाने खाली आणली आणि पुन्हा सुरू केले.

पंख्याचा आवाज उतरला. आधी तो थांबलाच असे तिघांना वाटले. मग त्यातून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पहिले चित्र तीन मिनिटे दहा सेकंदांत आले. दुसरे, तिसरे, चौथे तसेच. तापमान वीस अंश खाली.

"आठ सेकंदांसाठी एवढा आरडाओरडा करत होता?" सासूबाई म्हणाल्या. "काही माणसं अशीच असतात."

"माझ्याकडे बघून बोलू नकोस," सासरे म्हणाले.

नऊ चित्रे झाल्यावर सासऱ्यांनी सकाळचा अहवाल समोर घेतला. त्यावर उभी रेघ ओढली आणि समासात लिहिले: "चाचणी सदोष. दोष परीक्षकाचा." सही केली, तारीख घातली. मग नव्या कागदावर निष्कर्ष लिहायला घेतला आणि पेन्सिल थांबली. खात्यात त्यांच्याजवळ दोनच शब्द होते, योग्य आणि अयोग्य, आणि या वस्तूला त्यांतला एकही शब्द नीट बसत नव्हता. शेवटी त्यांनी जे लिहिले ते सुनेने त्यांच्या खांद्यावरून वाचले: "घरगुती वापरास अनावश्यक. मोकळा सोडल्यास उधळा. वीजमर्यादा घालून आणि जाळ्या उघड्या ठेवून, वाचनकक्षाच्या चित्रांस तीन मिनिटे दहा सेकंद. या कामास चालेल."

साडेचार वाजले होते. सुनेने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून टेबलावर ठेवला.

"मला जमेल," ती म्हणाली. "साडेनऊ दिवसांत चित्रं पूर्ण होतील. दुरुस्त्यांना साडेचार दिवस राहतात. काम अजून असेल तर."

बाईंनी विचारले, "दीड वाजता तुम्ही नाही म्हणालात. तीन तासांत काय झालं?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. तिला काहीतरी झाकून बोलता आले असते. त्याआधीच सासरे फोनवर वाकले.

"नमस्कार. मी तिचा सासरा. निवृत्त निरीक्षक, वजन-मापे. चाचणी मी घेतली. यंत्राची हवा जाण्याची वाट मी सीलबंद केली होती. चूक संपूर्ण माझी आहे. पुन्हा चाचणी घेतली आहे. तिनं घ्यायला लावली. मी तर तिला लगेच फोन करायला सांगत होतो. आकडे वाचून दाखवू का?"

"सील म्हणजे... खरं सील? लाखेचं?"

"सात पट्ट्या," सासूबाई मागून म्हणाल्या. "लाखेसकट."

बाई हसल्या. मोठ्याने, बराच वेळ, फोन बाजूला धरून. मग गंभीर झाल्या. "दुसरी कंपनी पाच दिवसांत देते म्हणतेय."

सुनेचा चेहरा उतरला. "त्यांच्याकडे यंत्रं जास्त असतील," ती म्हणाली. "त्यांना जमत असेल."

"असेल. पण मी अजून इमारत त्यांना दाखवलेलीसुद्धा नाही. किती खिडक्या, किती काच, काही न विचारता पाच दिवस म्हणाले. म्हणून तर मी थांबले होते." कागद चाळल्याचा आवाज आला. "वाचनकक्षाचं चित्र तुम्ही आज प्रत्यक्ष चालवून बघितलंत ना?"

"तिघांनी मिळून. एकोणतीस वेळा, सकाळची सहासष्ट चित्रं सोडून."

"मग काम तुमचंच. एक अट आहे. रोज संध्याकाळी सहाला किती चित्रं पूर्ण झाली ते मला कळवायचं. आणि ते त्या साहेबांनीच कळवायचं. मला असा माणूस हवाय, जो वाईट आकडाही वाचून दाखवील."

सासरे नकळत उभे राहिले. "कळवीन," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर सुनेने सासूबाईंना मिठी मारली. सासऱ्यांना मिठी मारण्याची पद्धत घरात नव्हती. म्हणून तिने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, तिला नीट टोक केले आणि परत दिली. त्यांनी ती गंभीरपणे घेतली. मग तिने दुकानदाराला प्रोसेसर ठेवून घेत असल्याचे कळवले आणि पाचला दहा कमी असताना पहिल्या क्रमांकापासून चित्रे सुरू केली.

सासूबाईंनी आपली दुपारची आडवे होण्याची जागा साडेनऊ दिवसांसाठी पुढच्या खोलीत हलवत असल्याचे जाहीर केले. उशी, पांघरूण आणि विणकाम घेऊन त्या दोनदा ये-जा करून आल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या कुतूहलाने. सासरे पडद्यासमोर बसले होते, आणि सून त्यांच्यामागे उभी राहून ग्रंथालयाचे दार चित्राचित्राने उघडताना पाहत होती.

बरोबर सहाला सासऱ्यांनी फोन केला. "बावीस पूर्ण," ते म्हणाले. "एकही साडेतीन मिनिटांपलीकडे गेलेलं नाही. नमस्कार."

"बावीस म्हणजे चित्रफितीत किती?" सासूबाईंनी विचारले.

"सेकंदाला चोवीस लागतात, आई."

"म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही? दुपारपासून घर डोक्यावर घेतलंत, नि एक सेकंदसुद्धा नाही?"

"दोन चित्रं कमी आहेत," सासरे म्हणाले, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली. "बस. सहा मिनिटांत होईल."